कॅसिनोत कॅमेरा काढण्यापूर्वी

आमच्या घरी प्रवासाच्या फोटोंचे चार जाडजूड अल्बम आहेत. त्यांतल्या अमेरिकेच्या अल्बममध्ये ग्रँड कॅन्यनचे चाळीस फोटो आहेत आणि लास व्हेगासचा एकच. पाहुणे अल्बम चाळताना हमखास विचारतात, ‘एवढ्या झगमगाटाच्या गावी गेलात आणि फोटो एकच?’ त्या एका फोटोची आणि न काढलेल्या बाकीच्या फोटोंची गोष्ट आज सांगणार आहे.

२००७ सालच्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे गेलो होतो. जावईबापूंनी चार दिवसांची रजा काढली आणि ग्रँड कॅन्यनला जाता जाता दोन रात्री लास व्हेगासला मुक्काम ठरवला. आम्हा उभयतांना जुगारात काडीचाही रस नाही. पण तिथल्या मोठ्या हॉटेलांची रचनाच अशी, की खोलीकडे जाणारी लिफ्ट गाठायची तर बहुतेक ठिकाणी कॅसिनोमधूनच वाट काढावी लागते. हातात बॅगा घेऊन आम्ही त्या लखलखाटातून निघालो. दोन्ही बाजूंना स्लॉट मशिनच्या रांगा, मधोमध हिरव्या कापडाची टेबले. माझ्या गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. मी सौभाग्यवतींना एका टेबलाशेजारी उभे केले, ‘जरा हसा’ म्हटले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात काळ्या कोटातला एक उंचापुरा गृहस्थ समोर येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, ‘सर, इथे टेबलांचे फोटो नकोत, प्लीज.’ मी चपापलो. मग थोडा रागही आला. कारण डोक्यावर छताला काळ्या काचेचे घुमट ओळीने लटकत होते आणि त्या प्रत्येकात कॅमेरा होता. मी जावईबापूंना म्हणालो, ‘यांनी आमचे हजार फोटो काढले तर चालते, मी एक काढला तर गुन्हा?’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, ठेवा तो आत. परक्या गावात वाद नको.’

कॅमेरा मी आत ठेवला, पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो. उत्तर मिळायला मात्र बरीच वर्षे लागली, आणि ते पुस्तकातून मिळाले नाही.

आधी कायद्याचे पाहू. अनेकांची समजूत असते की कॅसिनोत फोटो काढणे हा गुन्हा आहे. नेवाडा राज्यात, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, नुसता फोटो काढण्याला बंदी करणारा कायदा नाही. बंदी असते ती त्या घराच्या नियमाची. कॅसिनो ही खासगी जागा आहे. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला ‘देवघराचा फोटो काढू नका’ असे आपण सांगू शकतो, तसेच हे. पाहुण्याने ऐकले नाही तर त्याला बाहेर जायला सांगता येते, आणि सांगूनही तो गेला नाही तर ते अतिक्रमण ठरते आणि पोलीस येऊ शकतात.

घराघराचे नियम वेगळे असणार हे ओघानेच आले. एका कॅसिनोत चालते ते शेजारच्या कॅसिनोत चालेलच असे नाही. एकाच कॅसिनोत मशिनपाशी चालते आणि टेबलापाशी चालत नाही. मोबाइल फोनमध्ये कॅमेरे आल्यापासून लास व्हेगासमधली बरीचशी कडक बंदी सैल झाली आहे. आता आपल्या कुटुंबाचा, सजावटीचा, आपल्याच मशिनचा फोटो काढला तर बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेत नाही. उलट असे फोटो चार लोकांनी पाहिले तर हॉटेलची फुकट जाहिरात होते. सिंगापूरमध्ये मात्र खेळाच्या दालनात फोटो काढायला मनाई आहे. मोनॅकोतला माँटे कार्लोचा १८६३ साली सुरू झालेला कॅसिनो आणखी निराळा. तिथे सकाळच्या वेळी, खेळ सुरू होण्याआधी, लोक तिकीट काढून जुना राजवाडा पाहावा तशी ती दालने पाहतात आणि फोटोही काढतात. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना मात्र त्या टेबलांवर खेळायला बंदी आहे.

आता हा नियम आला कुठून ते पाहू. नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. १९५५ साली त्यावर देखरेख करायला सरकारी मंडळ नेमले गेले. सुरुवातीच्या काळात छतावर कॅमेरे नव्हते. छताच्या वर लाकडी पायवाटा असत, खाली एका बाजूनेच दिसणाऱ्या काचा बसवलेल्या असत आणि वरून माणसे दुर्बीण घेऊन खालची टेबले न्याहाळत. त्यांची जागा पुढे कॅमेऱ्यांनी घेतली. हे कॅमेरे मालकाची हौस म्हणून बसवलेले नसतात. टेबलावर काय घडले, पैसे कोणी मोजले, पैज नेमकी केव्हा लावली, यावरून वाद झाला तर नोंद हवी, म्हणून कोणत्या जागांवर नजर हवी हे तिथल्या सरकारी नियमांनीच ठरवून दिलेले असते.

आणि खालच्या कॅमेऱ्याची भीती का? त्यामागे खऱ्या घटना आहेत. कॅलिफोर्नियातल्या कीथ टाफ्ट नावाच्या इंजिनिअरने १९७०च्या दशकात अंगावर लपवता येईल असा संगणक तयार केला. ब्लॅकजॅकमध्ये कोणते पत्ते पडून गेले आणि कोणते उरले याचा हिशेब तो करी आणि बटणे दाबायची ती पायाच्या अंगठ्यांनी! १९८४ साली त्याच्या भावाला नेवाडातल्या एका कॅसिनोत पकडण्यात आले. त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलात छोटा कॅमेरा होता. पत्ते वाटणारा आपले पान उपडे ठेवतो, ते ठेवताना त्या कॅमेऱ्याला दिसावे आणि बाहेर गाडीत बसलेल्या साथीदाराने ते पाहून कळवावे, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, खेळात मदत करणारी अशी उपकरणे वापरणे हा नेवाडाने गुन्हा ठरवला. म्हणजे फोटो काढणे हा गुन्हा नाही, पण कॅमेऱ्याने खेळाचा अंदाज घेणे हा आहे. टेबलापाशी तुमच्या हातात फोन दिसला की त्या माणसाला पहिली शंका येते ती हीच.

२००४ सालचा लंडनच्या रिट्झ कॅसिनोतला प्रसंग तर फोनचाच होता. रूलेटमध्ये चाक फिरवून चेंडू सोडल्यानंतरही काही क्षण पैजा घेतल्या जातात. ‘आता पैजा बंद’ असे सांगितले जाईपर्यंत चेंडूचा आणि चाकाचा वेग मोजता आला, तर तो साधारण कुठल्या भागात पडेल याचा अंदाज बांधता येतो. दोन पुरुष आणि एक स्त्री असे तिघे तिथून सुमारे तेरा लाख पौंड जिंकून निघाले. फोनमध्ये बसवलेल्या लेसर उपकरणाने त्यांनी वेग मोजला, असा संशय होता. पोलिसांनी तपास केला, पण त्यांनी कायदा मोडला असे काही निघाले नाही आणि जिंकलेली रक्कम त्यांना मिळाली. त्यानंतर टेबलावर फोन ठेवला तर ‘कृपया उचला’ असे का सांगतात, हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. पैसे देण्याघेण्याची खिडकी, टेबलांवरचे चिप्सचे खण, पहारा बदलण्याची वेळ, कोणत्या दारातून रोकड नेतात, हे सगळे आपल्या फोटोत सहज येते. आपल्याला ती फक्त मागची सजावट वाटते. चोराच्या दृष्टीने तो नकाशा असतो. बँकेत काउंटरचा फोटो काढताना आपल्याला हटकले तर आपण रागावत नाही, इथेही तेच समजावे.

पण म्हणून कॅसिनोवाल्यांना फोटोंचेच वावडे आहे असे समजू नका. लास व्हेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशू या जुन्या कॅसिनोत दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा, म्हणजे एकूण दहा लाख डॉलर, काचेमागे मांडून ठेवलेले होते. येणाऱ्या पाहुण्यांचा त्यासमोर फुकट फोटो काढून देत. २००० साली त्या नोटा विकल्या गेल्या, पण तोवर असंख्य कुटुंबांच्या अल्बममध्ये तो फोटो जाऊन बसला होता. आजही मोठे बक्षीस लागले की टेबलाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन विजेत्याचा फोटो काढतात, मात्र आधी त्याची संमती विचारून. आपल्याला लॉटरी लागली हे गावभर व्हावे असे प्रत्येकाला वाटत नाही. तेव्हा खरा मुद्दा फोटो कोणाचा, कोणी काढला आणि कोणाच्या संमतीने, हा आहे.

जाता जाता फोटोविषयीचा एक गैरसमजही दूर करतो. मशिनच्या पडद्यावर आकडा दिसला, त्याचा फोटो काढला, म्हणजे पुरावा झाला असे नव्हे. २०१६ साली न्यूयॉर्क शहरातल्या एका कॅसिनोत एका बाईंच्या मशिनवर सुमारे चार कोटी एकोणतीस लाख डॉलरचा आकडा झळकला. त्यांनी आनंदाने त्या पडद्यासोबत स्वतःचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगण्यात आले, की मशिन बिघडले होते. त्यांच्या खेळाचे प्रत्यक्ष बक्षीस होते सव्वादोन डॉलर, आणि वर एक जेवण. मशिनमध्ये बिघाड झाल्यास खेळ रद्द, अशी पाटी मशिनवरच असते. प्रकरण कोर्टात गेले, पण तो फोटो काही पैसे मिळवून देऊ शकला नाही. असा प्रसंग आलाच, तर फोटो जरूर काढा, पण मशिन सोडून जाऊ नका आणि तिथल्या कर्मचाऱ्याला बोलवा. निर्णय मशिनच्या आतल्या नोंदीवरून होतो.

आता तिसरे कारण. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते शिकायला मला गोव्याला जावे लागले.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. तसे म्हटले तर १९७६ साली आपल्याकडे कॅसिनोवरचे नियंत्रण आणि कर यांविषयीचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. गोव्यातही जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचाच. पण तिथे १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळांना आणि १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली गेली. २००१ साली ‘कॅराव्हेला’ हे पहिले जहाज सुरू झाले. पणजीला मांडवीच्या काठावर संध्याकाळी उभे राहिले की दिव्यांनी मढलेली जहाजे आज कोणालाही दिसतात. २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. म्हणजे टेबलांवर बसणारे बहुतेक बाहेरचे असतात, आणि त्यांत आपली मराठी मंडळी काही कमी नसतात.

२०१७ सालच्या जानेवारीत आम्ही निवृत्त मित्र गोव्याला गेलो होतो. कुतूहल म्हणून अशा एका जहाजावरही गेलो. तिकिटात जेवण आणि गाण्याचा कार्यक्रम धरलेला होता. दाराशी पाटी होती, खेळाच्या दालनात फोटो काढू नयेत. वरच्या उघड्या डेकवर परवानगी होती. तिथे आम्ही भरपूर फोटो काढले. लास व्हेगासचा अनुभव गाठीशी असूनही खाली उतरताना मला मोह झाला. दारातूनच, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, फोन पोटाशी धरून मी एक फोटो काढला. रात्री तो आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली लिहिले, ‘आमचे माँटे कार्लो!’

दोन दिवसांत तो फोटो गटाबाहेर गेला. त्यात रूलेटच्या टेबलापाशी एक गृहस्थ उभे होते. मी त्यांना पाहिलेही नव्हते. पण आमच्याच एका मित्राच्या सोसायटीचे ते खजिनदार होते, आणि त्या वर्षी सोसायटीच्या इमारतीच्या दुरुस्तीचा निधी त्यांच्या हाती होता. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. ‘खजिनदार कॅसिनोत’ एवढे दोन शब्द पुरेसे होते. विशेष सभा बोलावली गेली, वह्या मागवल्या गेल्या, बँकेचे उतारे आले. हिशेब पैशापर्यंत चोख निघाला. खरी गोष्ट अशी होती, की त्यांच्या भाच्याच्या कंपनीचा समारंभ त्या जहाजावर होता आणि हे पाहुणे म्हणून गेले होते. फोटो मोठा करून पाहिला तर त्यांच्या हातात लिंबू सरबताचा पेला दिसत होता. पण मागे टेबल होते, आणि लोकांनी टेबल पाहिले.

सभेने त्यांचे आभार मानले, पण त्यांनी राजीनामा दिला. मित्राला बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांच्या पत्नीने चहा दिला, पण त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. ते गृहस्थ म्हणाले, ‘फोटो खोटा नव्हता हो. म्हणून तर मला काही बोलता येईना. दोन महिने वाण्याच्या दुकानात जायची चोरी झाली होती.’ त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

लास व्हेगासच्या छतावरचे कॅमेरे आणि माझा कॅमेरा यांतला फरक मला त्या दिवशी कळला. वरच्या कॅमेऱ्यातले चित्र एका बंद खोलीत राहते. ते कोणी पाहावे, किती दिवस ठेवावे, कोणाला द्यावे याला नियम असतात. तिथेही गैरवापर होत नाही असे नाही. २०१३ साली मेलबर्नच्या एका मोठ्या कॅसिनोत तिथल्याच कॅमेऱ्यांच्या मदतीने एका बड्या खेळाडूने सुमारे तीन कोटी वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर नेल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण चूक झाली तर निदान जाब विचारायला कोणीतरी असते. माझा फोटो एकदा माझ्या फोनमधून गेला, की तो कोणाकडे आहे हे मलाही सांगता येत नाही, आणि त्याबद्दल मला जाब विचारणाराही कोणी नाही.

यावर कोणी म्हणेल, मग खरोखर दुसऱ्याचे पैसे उधळणाऱ्याला ही बंदी आडोसाच झाली. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी हिशेब तपासणीस आहेत, पोलीस आहेत, आणि गरज पडली तर कॅसिनोतली नोंद मागवण्याचा मार्ग आहे. सिंगापूरमध्ये तर जुगारापायी घराचे हाल होत असतील, तर घरच्यांना अर्ज करून त्या माणसाला कॅसिनोबंदी करवून घेता येते. हे मार्ग लांबचे आहेत खरे, पण त्यांत त्या माणसाला आपली बाजू मांडता येते. फोटोच्या कोपऱ्यात सापडलेल्या माणसाला ती संधी मिळत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. पुढेमागे तुम्ही अशा ठिकाणी गेलात, तर आत शिरताच पाटी पाहा आणि पाटी नसेल तर विचारा. ‘इथे फोटो काढला तर चालेल का?’ एवढे विचारल्याने कोणी हाकलून देत नाही, बहुधा कुठे उभे राहावे तेही सांगतात. पत्ते वाटणाऱ्याचा, पैशांच्या खिडकीचा आणि पहारेकऱ्यांचा फोटो काढू नका. फ्लॅश कटाक्षाने बंद ठेवा. खेळत असलेल्या माणसाच्या मागे फोन घेऊन उभे राहू नका. पत्ते दिसण्याचा प्रश्न आहेच, शिवाय अनेक खेळाडू फार श्रद्धाळू असतात. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणतात, तसे कॅमेऱ्याने नशीब फिरते असे मानणारे तिथेही आहेत. ज्याचे पैसे टेबलावर आहेत त्याच्याशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

टेबलाशी बसायचे असेल तर फोन खिशात ठेवा. पोकरच्या टेबलावर डाव चालू असताना फोन वापरला तर बऱ्याच ठिकाणी तुमचा डावच बाद धरतात. घरच्यांना व्हिडिओ कॉल करून ‘बघा, मी कुठे आहे’ म्हणून फोन गरगर फिरवणे हेही चित्रीकरणच आहे, हे लक्षात ठेवा. आणि कोणी फोटो पुसायला सांगितला तर हुज्जत न घालता पुसून टाका. तो माणूस आपली नोकरी करत असतो.

शेवटची सूचना नियमांच्या कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते. परवानगी असली तरी फोटो पुढे पाठवण्याआधी मोठा करून चारही कोपरे पाहा. मागे कोण आहे? त्याला चालेल का? ही सवय फक्त कॅसिनोपुरती नाही. दवाखान्यातल्या रांगेत, बारच्या बाहेर, कोर्टाच्या व्हरांड्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतही आपल्या फोटोत कोणीतरी उभा असतो, आणि तो तिथे का आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

आता अल्बममधल्या त्या एका फोटोविषयी. मी कॅमेरा आत ठेवल्यावर तो काळ्या कोटातला गृहस्थ गेला नाही. आमचे उतरलेले चेहरे पाहून म्हणाला, ‘या, मी तुमचा फोटो काढतो.’ त्याने आम्हा चौघांना दालनाबाहेरच्या कारंज्यापाशी नेले, माझाच कॅमेरा घेतला आणि आम्हाला दोन पावले डावीकडे सरकायला लावले. तेव्हा मला वाटले, त्याला कारंजे नीट घ्यायचे असेल. परवा तो फोटो भिंगाखाली धरून पाहिला. कारंजे अर्धेच आले आहे. पण आम्हा चौघांशिवाय त्यात एकही चेहरा नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)